जुन्या रॅमच्या शेजारी नवी रॅम: आधी लेबल वाचा

प्रश्न: माझ्या डेस्कटॉपमध्ये इंटेलचा सातव्या पिढीचा कोअर आय५ प्रोसेसर, एसएसडी आणि ८ जीबीची एकच रॅम आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब, एक्सेलची मोठी फाइल आणि फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर एकत्र उघडलं की मशीन अडखळायला लागतं, टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या वर दिसते. मदरबोर्डवर चार स्लॉट आहेत, त्यातले तीन रिकामे. मित्राकडे पडून असलेली एक डीडीआर४ स्टिक लावून पाहिली. ती स्लॉटमध्ये बसली, पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच राहिली. काढल्यावर मशीन पूर्वीसारखं सुरू झालं. आता नवीन घ्यायची आहे. एक जण सांगतो, ३२०० घे म्हणजे सगळं वेगात धावेल. दुसरा सांगतो, त्याच कंपनीची नसेल तर मशीन हँग होईल. कुणाचं ऐकू? आणि हे काम घरी जमण्यासारखं आहे का?
एक वाचक

उत्तर: दोघांचंही ऐकू नका. तुमच्या मशीनमध्ये जी स्टिक आज विनातक्रार चालते आहे, तिच्याच लेबलवर तुमच्या खरेदीची यादी छापलेली आहे. ती यादी नीट वाचून तशीच दुसरी स्टिक आणलीत तर पुढचं काम अर्ध्या तासाचं, आणि हो, घरी सहज जमणारं. या कामात माणसं फसतात ती बहुतेक वेळा खरेदी करतानाच.

पण खरेदीच्या आधी एक गोष्ट तपासून घ्या. मेमरी ९० टक्के दिसते म्हणजे रॅम कमीच आहे, असं लगेच धरू नका. रोजचं सगळ्यात जड काम उघडा, टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर क्लिक करा आणि ‘कमिटेड’ या शब्दाखालचे दोन आकडे बघा. त्यातला पहिला आकडा म्हणजे चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून मागितलेली मेमरी. तो तुमच्या ८ जीबीच्या बराच वर, समजा ११-१२ वर गेला असेल, तर उरलेला भार पेजफाइलच्या (रॅममध्ये न मावणारा डेटा विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) रूपाने एसएसडीवर पडतो आहे आणि अडखळण्याचं कारण तेच आहे. खात्री हवी असेल तर रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी टॅबमध्ये ‘हार्ड फॉल्ट्स’चा आलेख बघा. मशीन अडखळतं त्याच वेळी तो सतत उंच राहत असेल तर निदान पक्कं. उलट कमिटेड ६-७ जीबीतच असेल आणि प्रोसेसर १०० टक्क्यांवर टेकलेला असेल, तर रॅम वाढवून काहीही हाती लागणार नाही. मेमरी ‘साफ’ करून देणारी छोटी सॉफ्टवेअर मात्र कुठल्याच परिस्थितीत घेऊ नका. ती चालू प्रोग्रॅमचा डेटा जबरदस्तीने पेजफाइलमध्ये ढकलतात, म्हणजे जो त्रास टाळायचा तोच वाढवतात.

तोच कमिटेडचा आकडा किती रॅम घ्यायची तेही सांगतो. १२-१३ पर्यंत जात असेल तर अजून एक ८ जीबीची स्टिक पुरेशी आहे. १५-१६ च्या पुढे जात असेल तर १६ जीबीची एक आणून ८ अधिक १६ असे २४ जीबी करा. असे विषम जोड चालत नाहीत हा गैरसमज आहे. इंटेलच्या बोर्डांवर अशा जोडीतले ८ अधिक ८ जीबी ड्युअल चॅनलमध्ये (प्रोसेसरशी एकाच वेळी दोन वाटांनी बोलत) चालतात आणि वरचे ८ जीबी सिंगल चॅनलमध्ये. ३२ जीबीची एकच स्टिक मात्र घेऊ नका. तुमच्या पिढीच्या प्रोसेसरची मर्यादा प्रत्येक स्लॉटला १६ जीबी, चार स्लॉट मिळून ६४ जीबी आहे.

पैसे किती घालायचे हे ठरवताना आणखी एक बाब लक्षात घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत सातव्या पिढीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर नाहीत. डीडीआर४ स्टिक डीडीआर५ च्या मशीनमध्ये बसत नाही, त्यामुळे आज घेतलेली रॅम पुढच्या नव्या मशीनमध्ये उपयोगी पडेल हे धरून चालू नका. दोन-तीन वर्षं हेच मशीन वापरायचं असेल तर ८ जीबीची भर योग्य आहे. याच मशीनला ६४ जीबीपर्यंत न्यायला मी सांगणार नाही.

आता लेबल. मशीन पूर्ण बंद करून (कसं ते पुढे येतंच) जुनी स्टिक बाहेर काढा आणि लेबलचा फोटो घ्या. त्यावर साधारण असं काही छापलेलं असेल: ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-यूए२-११’. ८ जीबी ही क्षमता. १आर म्हणजे एक रँक (प्रोसेसर एकाच वेळी वापरतो तो चिपांचा ६४ बिट रुंदीचा गट), एक्स८ म्हणजे प्रत्येक चिप आठ बिट रुंद. म्हणून अशा स्टिकवर आठ चिपा मोजता येतात. पीसी४ म्हणजे डीडीआर४. २४०० हा वेग आणि त्याला चिकटलेलं ‘टी’ हे अक्षर टायमिंगचा, म्हणजे डेटा मिळायला लागणाऱ्या विलंबाचा, वर्ग सांगतं, इथे सीएल१७. त्यानंतरचं ‘यू’ हे अक्षर सगळ्यात महत्त्वाचं, त्याकडे पुढे वळतोच. शेवटचे आकडे सोडून द्या. काही कंपन्या २४०० ऐवजी पीसी४-१९२०० असं लिहितात. ते वेगळं काही नाही: २४०० ला ८ ने गुणलं की १९२००, म्हणजे सेकंदाला तितके मेगाबाइट. त्याच हिशेबाने २६६६ ची २१३०० होते आणि ३२०० ची २५६००. स्टिकवर धातूचं आवरण असल्याने लेबलवर एवढा तपशील नसेल, तर सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडून त्याच्या एसपीडी टॅबमध्ये तीच माहिती वाचा.

कंपनी तीच हवी का? गरज नाही. मेमरीच्या चिपा बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्याच आहेत, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि वेगवेगळ्या नावांच्या स्टिकवर त्यांच्याच चिपा असतात. इतकंच काय, एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमध्येही चिपा बदलत राहतात. म्हणून कंपनीचं नाव जुळवण्यापेक्षा क्षमता, रँक, चिपची रुंदी, वेग आणि टायमिंग जुळवा. आपल्या कामासाठी यातली रँक आणि रुंदी नावापेक्षा जास्त मोलाची आहे. हल्ली ८ जीबीच्या बऱ्याच स्टिकवर ‘१आरएक्स१६’ असतं, म्हणजे आठऐवजी चारच चिपा, पण प्रत्येकीची क्षमता दुप्पट. तुमच्या पिढीचे प्रोसेसर आले तेव्हा इतक्या घनतेच्या चिपा गृहीत धरलेल्या नव्हत्या, त्यामुळे तशी स्टिक या मशीनवर न चालण्याचा धोका असतो. चालली तरी एक्स१६ चिपांमध्ये बँक ग्रुप (चिपच्या आतले आळीपाळीने काम करणारे कप्पे) निम्मे असल्याने ती थोडी मंद पडते. ८ जीबीची घेताना ‘१आरएक्स८’ असं स्पष्ट लिहिलेलं बघा, किंवा फोटोत चिपा मोजा.

३२०० चा सल्ला देणाऱ्याचं गणित दोन ठिकाणी चुकतं. एकतर सगळ्या स्टिक एकाच वेगाने चालतात आणि तो वेग सगळ्यात हळू स्टिकचा असतो. जुनी २४०० ची आत असेपर्यंत नवी ३२०० ची तिच्याच चालीने चालणार. दुसरं, तुमच्या प्रोसेसरची अधिकृत मर्यादाच २४०० आहे. बोर्ड बी२५० किंवा एच२७० चिपसेटचा असेल तर मेमरी त्याच्या वर नेता येत नाही. झेड२७० असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) एक्सएमपी, म्हणजे स्टिकमध्येच नोंदवलेली जास्त वेगाची सेटिंग, चालू करून नेता येते. ३२०० ची साधी स्टिक घेतलीत तर ती मुकाट्याने २४०० वर उतरेल, नुकसान काही नाही. मात्र गेमिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ३२०० च्या स्टिकमध्ये एक मेख असते. त्यांचा ३२०० हा वेग एक्सएमपी प्रोफाइलमधला असतो, आणि एक्सएमपीशिवायचा मूळ वेग अनेकदा २१३३ च असतो. तशी स्टिक लावली की जुनी २४०० ची रॅमही २१३३ वर घसरते. जास्तीचे पैसे देऊन मशीन थोडं हळू करून घेण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे. म्हणून वर्णनात ‘जेडेक २४००’ किंवा ‘जेडेक ३२००’ (जेडेक ही मेमरीची मानकं ठरवणारी संस्था, हा एक्सएमपीशिवायचा वेग) लिहिलेली साधी, बिन-आवरणाची स्टिक घ्या. तुमच्या मशीनला चकाकी नको आहे.

आता मित्राच्या स्टिकविषयी. ती स्लॉटमध्ये बसली, म्हणजे तुमचा बोर्ड डीडीआर४ चा आहे हे तरी कळलं. सहाव्या-सातव्या पिढीच्या काही बोर्डांवर डीडीआर३एल असते आणि तिची खाच वेगळ्या जागी असते. मग काळी स्क्रीन का? पहिला संशय पूर्ण न बसल्याचा, तो सर्वांत सामान्य. दुसरा संशय त्या लेबलवरच्या अक्षराचा. वेगानंतर ‘यू’ ऐवजी ‘आर’ असेल, म्हणजे ‘पीसी४-२४००टी-आर’ असं काही, तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम आहे. डीडीआर४ मध्ये तिची खाच आणि २८८ पिनांची रचना डेस्कटॉपच्या रॅमसारखीच असते, म्हणून ती आरामात बसते आणि मशीन काही सुरू होत नाही. सर्व्हरमधून काढलेल्या अशा स्टिक स्वस्तात फिरत असतात, त्यामुळे कुणाकडे ‘पडून असलेली’ रॅम दिसली की आधी हे अक्षर शोधा. ‘यू’ असेल तर ती स्टिक पुन्हा एकदा, खाली सांगितल्याप्रमाणे, जुन्या स्टिकच्या स्लॉटमध्ये एकटीच लावून बघा. चालली तर फुकटची रॅम मिळाली.

कुठल्या स्लॉटमध्ये लावायची, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या बाबतीत फायदा तिथेच जास्त आहे. एकच स्टिक असली की प्रोसेसर तिच्याशी ६४ बिट रुंदीच्या एका चॅनलने बोलतो. दोन स्टिक दोन वेगळ्या चॅनलवर असल्या की रुंदी १२८ बिट होते आणि कमाल बँडविड्थ १९.२ वरून सेकंदाला ३८.४ गिगाबाइटवर जाते. तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅममधून काम करतं, त्यामुळे हा फरक तुम्हाला जाणवेल. चार स्लॉटच्या बोर्डावर सहसा प्रोसेसरकडून मोजलेला दुसरा आणि चौथा स्लॉट ही योग्य जोडी असते. बोर्डावर ए२ आणि बी२ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. स्लॉटचे रंग पुष्कळदा मदत करतात, एका रंगाचे दोन ही एक जोडी, पण रंगांचा नियम प्रत्येक कंपनीचा सारखा नाही. ब्रँडेड मशीनमध्ये तर स्लॉटना १ ते ४ असे आकडे असतात आणि तो क्रम जागेप्रमाणे लागतोच असं नाही. मदरबोर्डचं मॅन्युअल किंवा कॅबिनेटच्या झाकणाच्या आतलं चित्र, तेच अंतिम मानायचं. जुनी स्टिक आत्ता पहिल्या स्लॉटमध्ये असेल तर तिलाही योग्य जागी हलवा.

बसवण्याच्या दिवशी आधी डेटाचा बॅकअप घ्या आणि विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का ते बघा. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. नुसती रॅम लावल्याने ती सहसा विचारली जात नाही, पण पुढे बायोस रीसेट करायची वेळ आली तर विचारली जाऊ शकते, आणि तेव्हा की हाताशी नसेल तर डेटा अडकतो. मग शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. साध्या शट डाउनमध्ये विंडोजचं फास्ट स्टार्टअप मेमरीतली काही स्थिती डिस्कवर जपून ठेवतं. शिफ्टमुळे मशीन खरोखर पूर्ण बंद होतं. हायबरनेट केलेल्या मशीनची रॅम तर कधीच बदलू नका.

मशीन बंद झालं की एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद करा, पॉवर केबल काढा, आणि त्यानंतर पुढचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. नुसतं मशीन बंद असून भागत नाही. केबल जोडलेली असेल तर बोर्डावर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच असतो आणि त्या अवस्थेत स्टिक काढल्या-घातल्याने रॅम किंवा बोर्ड जाऊ शकतो. बोर्डावर छोटा दिवा असेल तर तो विझेपर्यंत थांबा. आता मॉनिटर आणि बाकीच्या केबली काढा. कुठली कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवा.

कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा, मदरबोर्ड वर दिसेल असं. बहुतेक कॅबिनेटचं समोरून पाहता डावीकडचं झाकण उघडतं, मागचे दोन स्क्रू काढून मागे सरकवायचं. गालिच्यावर उभं राहून हे काम करू नका, नायलॉन किंवा लोकरीचे कपडे टाळा, आणि स्टिकला हात लावण्याआधी दर वेळी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला बोट लावा. हवा कोरडी असेल तेव्हा हे जास्त मनावर घ्या. अंगावरच्या स्थिर विजेचा जो झटका आपल्याला जाणवतही नाही तो चिपला पुरेसा असतो. स्टिक कडांना धरा; सोनेरी पट्ट्यांना बोट लावायचं नाही.

स्लॉटमध्ये धूळ साचलेली असेल तर हाताच्या ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार आत जातात. पंख्याजवळ ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा. मग स्लॉटच्या टोकाचा क्लिप बाहेर ढकला. काही बोर्डांवर क्लिप दोन्ही टोकांना असतो, काहींवर एकाच टोकाला आणि दुसरं टोक पक्कं असतं, त्यामुळे दुसरा क्लिप तुटला की काय असं वाटून घाबरू नका. स्टिकची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा. ही खाच बरोबर मध्यावर नसते, म्हणून स्टिक एकाच बाजूने बसते. जुळत नसेल तर उलटी फिरवा. जोर लावून जुळवायचा प्रयत्न केला आणि वीज चालू केली तर स्टिक जळते. डीडीआर४ ची पट्ट्यांची कड मध्ये किंचित फुगीर आणि टोकांना आखूड असते, तो दोष नव्हे, बसवताना एकदम फार जोर लागू नये म्हणून केलेली रचना आहे.

आता दोन्ही अंगठे स्टिकच्या दोन टोकांवर ठेवून सरळ खाली दाबा. एक टोक आधी, एक नंतर असं नको. अपेक्षेपेक्षा जास्त जोर लागतो आणि बोर्ड किंचित वाकल्यासारखा वाटतो, बहुतेक जण इथेच हात आखडता घेतात आणि स्टिक अर्धवट राहते. क्लिप आपोआप आत येऊन ‘टक’ असा आवाज झाला पाहिजे. क्लिप बोटाने ओढून लावावा लागत असेल तर स्टिक बसलेली नाही. बाजूने डोळा लावून बघा: दोन्ही टोकांची उंची जुन्या स्टिकइतकीच हवी आणि सोनेरी पट्ट्यांची रेघ एका टोकाला जास्त दिसता कामा नये. झाकण लावण्याआधी हात लागून एसएसडीची सॅटा केबल किंवा बोर्डाची २४ पिनांची पॉवर केबल सैल झाली नाही ना, तेही दाबून पाहा.

पहिल्यांदा सुरू करताना मशीन नेहमीपेक्षा जास्त वेळ घेईल, कदाचित एकदा स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू होईल. बायोस नव्या रॅमचे टायमिंग ठरवत असतं. मिनिट-दोन मिनिटं हात लावू नका. काही ब्रँडेड मशीन ‘मेमरी बदलली आहे’ अशा अर्थाचा संदेश दाखवून एफ१ दाबायला सांगतात, तो दोषाचा इशारा नव्हे. (डीडीआर५ च्या मशीनवर हा पहिला वेळ कित्येक मिनिटांचा असू शकतो. तिथे चार स्टिक भरणंही महागात पडतं: एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकवर अधिकृत वेग ५२०० पर्यंत आहे, चारवर ३६००. तिथे जुनीत भर घालण्यापेक्षा मोठ्या दोन स्टिकचा संच घेऊन जुना काढणं बरं.)

पुन्हा काळी स्क्रीन आली तर सगळ्यात आधी मॉनिटरची केबल बघा. कॅबिनेट हलवताना ती सैल होते. ती ठीक असेल तर प्रत्येक वेळी वीज पूर्ण तोडून तीन चाचण्या करा. पहिली: जुनी काढून फक्त नवी स्टिक जुन्याच्या स्लॉटमध्ये. दुसरी: फक्त जुनी स्टिक नव्या स्लॉटमध्ये. तिसरी: दोन्ही एकत्र. नवी एकटी चालू स्लॉटमध्येही चालत नसेल तर स्टिक खराब आहे किंवा बोर्डाला मान्य नाही, परत करा. जुनी स्टिक नव्या स्लॉटमध्ये चालत नसेल तर दोष स्लॉटचा. तिथे धूळ असू शकते, नाहीतर प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन, आणि कधी कधी तर कूलर एका बाजूने जास्त आवळल्यानेही एक अख्खं चॅनल गायब होतं. आणि दोन्ही एकट्या-एकट्या चालतात, एकत्र मात्र नाहीत, असं झालं तर बायोसला नवे टायमिंग जमत नाहीयेत. बोर्डावरची गोल सीआर२०३२ बॅटरी पाच-दहा मिनिटं काढून ठेवा किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेला सीमॉस क्लिअरचा जंपर वापरा, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग पुसली जाते. तरीही जमलं नाही तर फक्त जुनी स्टिक ठेवून बायोस अपडेट करा आणि पुन्हा प्रयत्न करा. अपडेट चालू असताना वीज जाऊन चालत नाही, यूपीएस असेल तरच हात घाला.

बीपचे आवाज मोजत बसण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. प्रत्येक बायोसची भाषा वेगळी, आणि तीन चाचण्या तेच उत्तर जास्त खात्रीने देतात. बोर्डावर ‘डीरॅम’ लिहिलेला छोटा दिवा पेटून राहिला असेल तर त्याचा मात्र उपयोग होतो. दोष मेमरीच्याच बाजूला आहे एवढं नक्की होतं.

जुन्या स्टिकच्या पट्ट्या काळपट झाल्या असतील तर पांढऱ्या मऊ खोडरबरने हलकेच, लांबीच्या दिशेने पुसा आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापडाने चुरा काढा. वाळल्यावरच बसवा. सँडपेपर किंवा शाईचं कडक खोडरबर सोन्याचा थरच काढून टाकतं.

मशीन सुरू झालं की टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर १६ जीबी, वेग २४०० आणि ‘२ ऑफ ४’ स्लॉट वापरात दिसायला हवेत. सीपीयू-झेडमध्ये मेमरीच्या टॅबवर चॅनल ‘ड्युअल’ (नव्या आवृत्तीत ‘२ x ६४-बिट’) दिसेल आणि फ्रिक्वेन्सी १२०० च्या आसपास. १२०० पाहून दुकानदाराला फोन करू नका. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा देवाणघेवाण, म्हणून १२०० ची दुप्पट २४००. चॅनल ‘सिंगल’ (किंवा ‘१ x ६४-बिट’) दिसलं तर स्लॉटची जोडी चुकली आहे.

विंडोज १६ जीबी दाखवतं पण ‘७.९ जीबी वापरण्याजोगी’ असं म्हणतं, असंही होतं. दोन्ही स्टिक काढून पुन्हा घट्ट बसवल्या की बहुतेक वेळा सुटतं. नाही सुटलं तर एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅबमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधली ‘मॅक्सिमम मेमरी’ची खूण काढा, पूर्वी कुणीतरी मशीन ‘फास्ट’ करण्यासाठी ती लावलेली असते. विंडोज ३२ बिटचं असेल तर तुम्ही कितीही रॅम लावा, सव्वातीन-साडेतीन जीबीच्या वर वापरलीच जाणार नाही, तिथे ६४ बिट विंडोज नव्याने टाकण्यावाचून इलाज नाही. एकात्मिक ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेले काही मेगाबाइट मात्र कमी दिसणारच.

सगळं ठीक दिसलं तरी रॅम ठीक आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. खराब रॅम असलेलं मशीन आठवडाभर छान चालू शकतं आणि त्या आठवड्यात सेव्ह केलेल्या फाइली गुपचूप बिघडवत राहतं. तुमच्या बाबतीत ते फोटो असतील. म्हणून पहिल्याच रात्री, कुठलंही महत्त्वाचं काम त्यावर करण्याआधी, मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकून मशीन त्यावरून बूट करा आणि रात्रभर चालू ठेवा. १६ जीबीची एक फेरी पूर्ण व्हायला तासाहून जास्त लागू शकतो, चार फेऱ्या होऊ द्या. निकाल एकच मान्य: शून्य चुका. एक जरी चूक दिसली तर एकेक स्टिक वेगळी लावून कोणती दोषी ते शोधा. विंडोजमध्ये असलेलं मेमरी डायग्नोस्टिक घाईत ठीक आहे, पण त्याच्या ‘दोष आढळला नाही’ला मी अंतिम मानणार नाही. नंतरच्या दिवसांत ‘मेमरी मॅनेजमेंट’ असं लिहिलेली निळी स्क्रीन, ब्राउझरचे टॅब आपोआप कोसळणं, झिप फाइल उघडताना सीआरसीची चूक, असं काही दिसलं तर हीच चाचणी पुन्हा करा.

परत करण्याची मुदत साधारण थोड्या दिवसांचीच असते, म्हणून स्टिक हातात आल्याच्या दिवशीच बसवा आणि त्याच रात्री चाचणी लावा. बिल आणि प्लॅस्टिकचं खोकं ठेवून द्या, आणि स्टिकवरचं स्टिकर काढू नका. सीरियल नंबर त्यावरच असतो आणि तो नसेल तर वॉरंटी मागता येत नाही.